सायकेडेलिक औषधं आणि आदिवासींचं ज्ञान : सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

हल्ली डिप्रेशनवर मशरूमचा उपचार वगैरे बातम्या व्हॉट्सअपवर फिरतात आणि मग तेच तेच प्रश्न येतात, म्हणून सगळं एकदाच लिहून काढलं. मुख्य उदाहरण मेक्सिकोतल्या मासातेक लोकांचं घेतलंय, कारण आजचा सगळा सायलोसायबिनचा, म्हणजे त्या मशरूममधल्या रसायनाचा, कारभार तिथूनच सुरू झाला. बाकीच्यांबद्दल थोडक्यात.

सायकेडेलिक म्हणजे शेवटी नशाच ना?

दारू किंवा अफूसारखी नाही. सायलोसायबिन (जादूई म्हणतात त्या मशरूममधलं), मेस्कालिन (पेयोटी नावाच्या निवडुंगातलं), डीएमटी, एलएसडी ही मंडळी मेंदूतल्या सेरोटोनिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनाच्या एका ठराविक रिसेप्टरला जाऊन चिकटतात आणि मग काही तास जाणीव, आठवणी, वेळेचं भान सगळं ढवळून निघतं. तलफ लागून रोज घ्यावंसं वाटेल असं यात सहसा होत नाही, उलट लागोपाठ घेतलं तर परिणामच होत नाही. पण म्हणून निरुपद्रवी असं कुणी समजू नका. घरात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असेल तर प्रकरण फार बिघडू शकतं, आणि आयबोगेन नावाचं एक आहे ते तर हृदयाच्या ठोक्यांवर जातं, माणसं दगावलीयत त्यात.

हे औषध शास्त्रज्ञांनी शोधलं की आदिवासींनी?

रेणू वेगळा काढला शास्त्रज्ञांनी. त्या अळंबीने माणसाचं काय होतं, किती खायची, कुणाला द्यायची, कुणाला नाही, शेजारी कोण बसणार, हे सगळं त्याआधीच ठरलेलं होतं. सोळाव्या शतकात स्पॅनिश पाद्री साहागुन याने मेक्सिकोतले लोक अशी अळंबी खातात हे लिहून ठेवलंय. मग चर्चने हे सैतानाचं काम ठरवलं, १६२० मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, पेयोटीवर बंदीच घातली, आणि हा सगळा प्रकार डोंगरात जाऊन लपला. इतका लपला की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका नामवंत अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने असली अळंबी अस्तित्वातच नाही, स्पॅनिश लोकांनी वाळलेल्या निवडुंगालाच अळंबी समजलं असणार, असं छापून मोकळा झाला. तिकडे मासातेक बायका दर पावसाळ्यात ती गोळा करत होत्या.

मारिया साबिना कोण होती? सगळीकडे तिचाच फोटो दिसतो.

मेक्सिकोच्या वाहाका राज्यात उत्तरेला डोंगररांगा आहेत, तिथे वाउत्ला दे हिमेनेस नावाचं गाव आहे. तिथली ही मासातेक बाई. गरीब, दोनदा विधवा झालेली, मका पेरणारी, लिहितावाचता येत नव्हतं, स्पॅनिशही येत नव्हतं. पण गावात आजारी माणसासाठी रात्रभर बसणारी म्हणून तिला मान होता. आणि हो, ती पक्की कॅथलिक होती, चर्चच्या भगिनीमंडळात होती. तिच्या गाण्यांत येशू, मरियम, संत पीटर सगळे येतात आणि त्याच दमात डोंगराचे मालक, पाणी, दव, पाखरंही येतात. शुद्ध, अस्पर्श, हजारो वर्षं जशीच्या तशी राहिलेली परंपरा असलं काही डोक्यात असेल तर ते काढून टाका.

१९५५ च्या जूनअखेरीस गॉर्डन वॉसन नावाचा न्यूयॉर्कचा माणूस तिच्याकडे आला. हा जे. पी. मॉर्गन बँकेत व्हाइस प्रेसिडेंट, पण छंद अळंबीचा. त्याची बायको व्हॅलेंटिना, रशियन, बालरोगतज्ज्ञ, तिच्यामुळे लागलेला. सोबत फोटोग्राफर अ‍ॅलन रिचर्डसन. गावातल्या एका अधिकाऱ्याने, कायेतानो गार्सियाने, साबिनाला सांगितलं की या पाहुण्यांसाठी बस. अधिकारी सांगतोय म्हटल्यावर नाही कसं म्हणणार, असं तिने पुढे म्हटलंय. ती बसली.

१३ मे १९५७ ला अमेरिकेतल्या लाइफ मासिकात वॉसनचा लेख आला, रंगीत फोटोंसकट. तिचं नाव बदललं होतं, गावाचंही लपवलं होतं. पण त्याच वर्षी त्याने जे जाडजूड महागडं पुस्तक काढलं त्यात खरं नाव होतं, आणि असली माहिती लपून राहते थोडीच. साठच्या दशकात हिप्पींची रांग लागली. पोलिसांनी तिला पकडलं, परदेशी लोकांना ड्रग्ज विकते म्हणून. तिचं घर जाळलं गेलं. १९६९ मध्ये मेक्सिकोचं लष्कर येऊन त्यांनी बाहेरच्यांना हाकललं आणि डोंगराचा रस्ता अडवला. १९८५ च्या नोव्हेंबरमध्ये ती गेली, तेव्हाही गरीबच होती.

त्या रात्री नक्की काय करायचे?

हे नीट सांगतो, कारण बातम्यांमधून नेमकं हेच गळतं.

पहिलं म्हणजे कारण लागायचं. कुणीतरी आजारी आहे, दुखणं बरं होत नाहीये, माणूस हरवलाय, चोरी झालीय. सहज म्हणून, बघू तरी काय होतं म्हणून कुणी बसत नसे. आधी चार दिवस आणि नंतर चार दिवस ब्रह्मचर्य पाळायचं. अळंबी ताजी, पावसाळ्यातली, जोडी जोडीने मोजून वाटायची, बसणाऱ्या बाईला सगळ्यात जास्त, बाकीच्यांना कमी. म्हणजे बघा, डॉक्टरच सगळ्यात मोठा डोस घेतोय. देण्याआधी कोपाल धुपाच्या धुरावरून फिरवायची. आजाऱ्याच्या हातांना चुना घालून कुटलेली तंबाखू चोळायची. मेणबत्त्या पेटलेल्या, देवांच्या तसबिरी समोर, आणि मग मेणबत्त्या विझवून टाकायच्या.

आणि मग अंधारात गाणं सुरू व्हायचं. तासन्‌तास. टाळ्या, गुणगुणणं, मध्येच बोलणं, परत गाणं. साबिनाचं म्हणणं असं की शब्द माझे नाहीत, अळंबी बोलते. तिला ती पवित्र पोरं म्हणायची. घरातली पोरंबाळं तिथेच चटईवर झोपलेली असायची, कुणी खोकतंय, कुणी ओकतंय, कुणी रडतंय, तेही चालायचं. आपल्याकडे ज्यांनी खंडोबाचं जागरण घरात घातलेलं पाहिलंय त्यांना हे वातावरण फार परकं वाटणार नाही, घरादारासकट रात्र काढायची आणि उजाडल्याशिवाय उठायचं नाही. पहाटे साबिना आजाऱ्याला सांगायची की दुखणं कशाने आहे, आणि कधीकधी हेही सांगायची की हा काही जगत नाही.

यात एकट्या रेणूचं काम किती आणि बाकीच्याचं किती हे वेगळं काढून दाखवा म्हटलं तर आजही कुणाला दाखवता आलेलं नाही.

वॉसनचं चुकलं काय? त्याने लिहिलं नसतं तर जगाला कळलं नसतं.

खरंय, कळलं नसतं. पण कसं मिळवलं तेही बघा ना. १९५३ मध्ये तो पहिल्यांदा वाउत्लाला गेला तेव्हा त्याने घरी असलेल्या मुलाची काळजी वाटते असं निमित्त सांगून तिथल्या एका जाणत्याला विधी करायला लावला. का, तर कारण असल्याशिवाय बसत नाहीत हे त्याला माहीत होतं. ५५ साली फोटो काढू दिले ते विश्वासातल्या माणसांनाच दाखवायचे या बोलीवर, आणि ते गेले लाखोंनी खपणाऱ्या मासिकात. पुढच्याच वर्षी, १९५६ ला, त्याच्या टोळीत जेम्स मूर नावाचा केमिस्ट आला, त्याच्यासोबत मोहिमेला पैसेही आले, आणि हे पैसे सीआयएच्या एमके-अल्ट्रा प्रोग्रामचे होते, म्हणजे माणसाचं मन ताब्यात घेता येतं का हे शोधणाऱ्या गुप्त प्रोग्रामचे. वॉसनला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. मूरचं पोट बिघडलं, वजन उतरलं, बिचारा हैराण होऊन परत गेला आणि ज्यासाठी आला होता ते रसायन त्याच्या आधी स्वित्झर्लंडमध्ये सापडलं. एवढं बरं झालं म्हणायचं.

वॉसनला उतारवयात याचा पश्चात्ताप होत होता, हेही नोंदवायला हवं. साबिनाने त्याच्याबद्दल कडवट असं फारसं काही म्हटलेलं नाही. सत्तरच्या दशकात अल्वारो एस्त्रादा या मासातेक माणसाने तिच्या तोंडून तिची कहाणी लिहून घेतली, त्यात ती साधारण असं म्हणते की परदेशी येण्याआधी देव भेटावा म्हणून कुणी ही अळंबी खात नव्हतं, आजारी माणूस बरा व्हावा म्हणून खायचे, आणि ते आल्यापासून पोरांची ताकद गेली. हे वाक्य मला तरी कुठल्याही एथिक्स कमिटीच्या रिपोर्टपेक्षा जड वाटतं.

गोळीमध्ये आणि अळंबीमध्ये फरक असतो का?

हा प्रश्न खुद्द साबिनालाच विचारून झालाय! स्विस केमिस्ट आल्बर्ट हॉफमन, हा सँडोझ कंपनीत होता, एलएसडीवाला तोच. वॉसनच्या गटातल्या फ्रेंच शास्त्रज्ञाने, रोजे हाइमने, पॅरिसमध्ये ती अळंबी वाढवली आणि हॉफमनकडे पाठवली. जनावरांवर नीट काही कळेना म्हणून याने स्वतःच ३२ वाळलेल्या अळंब्या खाल्ल्या (हे घरी करू नका), आणि १९५८ मध्ये सायलोसायबिन आणि सायलोसिन वेगळं काढून दाखवलं. सँडोझने पेटंट घेतलं, इंडोसायबिन नावाने गोळ्या काढल्या.

१९६२ मध्ये हॉफमन त्या गोळ्या घेऊन वॉसनसोबत वाउत्लाला गेला. रात्री बसले. गोळ्या विरघळायला वेळ लागतो, अर्धा तास झाला तरी काही नाही, तर साबिना म्हणाली यांच्यात दम नाही. आणखी दिल्या. पहाटे मात्र तिने सांगितलं की गोळीतही तेच आहे, फरक नाही. हॉफमनने एक बाटली तिच्याकडे ठेवली, ती खूश झाली, आता अळंबीचा हंगाम नसला तरी बसता येईल.

गंमत अशी की हे उदाहरण दोन्ही बाजू वापरतात. कंपनीवाले म्हणतात बघा, रेणूच महत्त्वाचा. दुसरे म्हणतात अहो, पण गोळी घेऊन गात कोण बसलं होतं? माझं मत दुसऱ्यांकडे झुकतं.

आजच्या क्लिनिकमध्ये आदिवासींचं काय उरलंय?

अमेरिका किंवा इंग्लंडमधल्या ट्रायलची खोली डोळ्यांसमोर आणा. दवाखान्यासारखी वाटू नये म्हणून सोफा, पांघरूण, दिवा मंद. आधी दोन-तीन वेळा गप्पा मारून पेशंटची तयारी करून घेतलेली, तुला कशासाठी हे हवंय ते विचारलेलं. मग २५ मिलिग्रॅम सायलोसायबिनची कॅप्सूल. डोळ्यांवर पट्टी, कानाला हेडफोन, गाण्यांची ठरलेली यादी. शेजारी एक-दोन थेरपिस्ट सहा-आठ तास बसून, गरज पडली तर हात धरणार. नंतर परत बसून, काय दिसलं, त्याचं आता काय करायचं याची चर्चा.

म्हणजे कारण विचारणं आलं, तयारी आली, अंधार आला (पट्टीचा), गाणं आलं (रेकॉर्ड केलेलं), शेजारी बसणारं जाणतं माणूस आलं. हे सगळं कुणी वाउत्लाहून उचलून आणलं असं सरसकट म्हणता येणार नाही, पन्नास-साठच्या दशकातल्या डॉक्टरांनी बरंचसं स्वतः चुकत-माकत शोधलं, आणि संगीताचा भाग मेरीलँडमध्ये हेलन बॉनी नावाच्या बाईंनी पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत घेऊन बसवला. पण विचारायचं तर होतं ना! ज्यांच्याकडे याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे त्यांना न विचारता तेच परत शोधत बसलो आणि मग त्याला नवीन प्रोटोकॉल म्हणून नाव दिलं, हे मला खटकतं.

काय आलं नाही तेही सांगतो. घरचे लोक आले नाहीत. पेशंट एकटा. थेरपिस्ट स्वतः काही घेत नाही, ते कायद्याने शक्यच नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते बरंच वाटतं. गाणं त्या माणसाच्या दुखण्याकडे बघून बदलत नाही, यादी ठरलेली. आणि सगळ्यात मोठं, आजार हा त्या एका डोक्यातल्या केमिस्ट्रीचा मामला मानला जातो, तिकडे मासातेक लोकांत दुखणं म्हणजे घराचं, भांडणाचं, पूर्वजांचं, जमिनीचं काहीतरी बिनसलंय असं मानतात. यातलं बरोबर कोण हे मी नाही सांगू शकत, पण नोकरी गेलेल्या, घर तुटलेल्या माणसाला डिप्रेशन आलं तर दुसरी समजूत अगदीच अडाणी वाटत नाही.

पण याने खरंच बरं वाटतं का? आकडे सांगा.

कॉम्पास नावाच्या कंपनीची ट्रायल २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात आली. २३३ पेशंट, औषधांना दाद न देणारं डिप्रेशन असलेले. एकच डोस. तीन आठवड्यांनी २५ मिलिग्रॅमवाल्यांपैकी २९ टक्के जवळजवळ लक्षणमुक्त, १० वाल्यांत ९ टक्के, १ मिलिग्रॅमवाल्यांत ८ टक्के. छान आहे. पण बाराव्या आठवड्यापर्यंत सुधारणा टिकलेले २५ वाल्यांत सुमारे २० टक्केच. डोकेदुखी, मळमळ, चक्कर बऱ्याच जणांना, आणि काहींच्या मनात आत्महत्येचे विचार आले तेही नोंदवलंय. २०२५ मध्ये त्याच कंपनीच्या मोठ्या ट्रायलचा पहिला निकाल आला, त्यात डिप्रेशन मोजायच्या साठ गुणांच्या स्केलवर प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या गोळीपेक्षा) फरक ३.६ गुणांचा. म्हणजे काहीतरी आहे, पण चमत्कार नाही. चमत्कार म्हणणाऱ्याकडून काही विकत घेऊ नका.

अजून एक आकडा. १९९३ ते २०१७ मधल्या सायकेडेलिक ट्रायल एकत्र करून बघितल्या तर २८२ लोकांत ८२ टक्के गोरे. ज्यांच्याकडून हे आलं त्यांच्यावर हे कसं काम करतं हे आधुनिक शास्त्राला जवळपास माहीतच नाही.

पेटंटचं भांडण काय आहे? निसर्गातल्या वस्तूवर पेटंट कसं मिळेल?

वस्तूवर नाही मिळत, पण तिचा एखादा विशिष्ट स्फटिक, बनवायची रीत, वापरायची पद्धत यावर मिळतं. कॉम्पासला सायलोसायबिनच्या एका स्फटिकरूपावर अमेरिकेत पेटंट मिळालंय. पण त्याहून भारी म्हणजे त्यांच्या एका पेटंट अर्जात मऊ फर्निचर, खोलीचे शांत रंग, थेरपिस्टने पेशंटचा हात धरणं असले दावेही होते. हात धरणं! २०२१ मध्ये हे बाहेर आलं तेव्हा लोकांनी यथेच्छ टिंगल केली.

आपल्याला हे नवीन नाही. हळदीने जखम भरते यावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिलं गेलं होतं, सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने, तेव्हा आपले डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे प्रमुख होते, त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. जिंकलो का, तर आपल्याकडे जुने ग्रंथ, छापील पुरावे होते. इथेच खरी मेख आहे. अ‍ॅमेझॉनच्या आयावास्का वेलीच्या एका वाणावर एका अमेरिकन माणसाने १९८६ मध्ये पेटंट मिळवलं. अ‍ॅमेझॉन खोऱ्यातल्या आदिवासींच्या कोइका या संघटनेने आव्हान दिलं, १९९९ मध्ये पेटंट रद्द झालं, पण कशामुळे? पिढ्यान्‌पिढ्या आमचे वैदू हे वापरतात हे म्हणणं ग्राह्य धरलं म्हणून नव्हे, तर शिकागोच्या म्युझियममध्ये त्या वेलीचा वाळलेला नमुना कागदावर चिकटवलेला सापडला म्हणून. आणि २००१ मध्ये पेटंट परत बहाल केलं, मग २००३ मध्ये मुदत संपून गेलं एकदाचं. ज्यांचं ज्ञान तोंडी आहे त्यांच्या बाजूने पुरावा म्हणून काहीच धरत नाहीत, असा हा सगळा कारभार.

आदिवासी ज्ञान आदिवासी ज्ञान करता, मग आपल्याकडच्या भगत-मांत्रिकांनाही डोक्यावर घ्यायचं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि चांगला आहे. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा झाला तो काही उगाच नाही झाला, त्यासाठी माणूस गेलाय. साप चावल्यावर भगताकडे नेऊन वेळ घालवला आणि पोर गेलं अशा बातम्या दरवर्षी येतात. तेव्हा आदिवासी म्हटलं की सगळं पवित्र, असं मी म्हणणार नाही. साबिना पहाटे जे निदान सांगायची ते सगळं बरोबर असायचं असंही नाही.

पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. एक, दावा खरा की खोटा, हे तपासायलाच पाहिजे, त्यात सूट कुणालाच नको. दुसरी, ज्याच्याकडून घेतलं त्याची परवानगी, नाव आणि वाटा, हा हिशोबाचा भाग आहे, श्रद्धेचा नाही. भगताचं निदान मानू नका, पण त्याने दाखवलेल्या झाडपाल्यावर कंपनी उभी राहिली तर त्याचे पैसे बुडवू नका. केरळमध्ये हे करून दाखवलंय. अगस्त्य डोंगरातल्या काणी आदिवासींनी शास्त्रज्ञांना थकवा घालवणारी आरोग्यपच्चा ही वनस्पती दाखवली, त्यावरून जीवनी नावाचं औषध निघालं, आणि लायसन्स फी व रॉयल्टीचा अर्धा भाग काणींच्या ट्रस्टला द्यायचं ठरलं. पुढे त्यात पण भानगडी झाल्या, वनखात्याने तोडायला परवानगी देईना वगैरे, पण नव्वदच्या दशकात निदान कुणीतरी हिशोब मांडला होता.

आयावास्का, पेयोटी, इबोगा यांचं काय?

थोडक्यात सांगतो. आयावास्का हा दोन वनस्पतींचा काढा, एकीत डीएमटी असतं पण ते तोंडाने घेतलं तर पोटातच संपतं, दुसऱ्या वेलीतलं हार्मीन त्याला संपू देत नाही. अ‍ॅमेझॉनमधल्या हजारो झाडांतून हीच जोडी कशी सापडली हे कोडंच आहे. डिप्रेशनच्या गोळ्या चालू असताना हे घेणं धोक्याचं आहे. इबोगा हे झुडूप आफ्रिकेतल्या गॅबनमधल्या ब्विती पंथाच्या लोकांचं, त्यातलं आयबोगेन अफू-हेरॉइनचं व्यसन सोडवायला वापरतात, हृदयाचं वर सांगितलंच.

पेयोटीचं मात्र नीट ऐका. हा निवडुंग दक्षिण टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोतच उगवतो, तोडण्याइतका व्हायला दहाएक वर्षं लागतात. अमेरिकेत आदिवासींना तो धार्मिक कारणासाठी वापरायचा हक्क १९९४ च्या कायद्याने पक्का मिळाला, त्याआधी कोर्टात हरले होते. आता शहरातले सायकेडेलिकवाले म्हणाले की आम्ही सगळ्याच नैसर्गिक वस्तूंवरची बंदी उठवायला लढतोय, तर २०२० मध्ये नेटिव्ह अमेरिकन चर्चच्या लोकांनी जाहीर सांगितलं, कृपा करा, पेयोटी तुमच्या यादीतून काढा, आमच्यापुरताच उरलाय.

मग आदिवासींना नक्की हवंय तरी काय? पैसे?

पैसे पण, का नको असावेत. पण फक्त तेवढंच नाही. २०२३ मध्ये युरिया सेलिद्वेन, या मेक्सिकोतल्या चियापासच्या आदिवासी घराण्यातल्या संशोधक, त्यांनी वेगवेगळ्या जमातींच्या जाणत्यांना घेऊन लॅन्सेटच्या एका जर्नलमध्ये आठ तत्त्वं मांडली. त्यातल्या कामाच्या गोष्टी माझ्या शब्दांत : आधी विचारा, नाही म्हणायचा हक्क द्या, ठरवणाऱ्या खुर्चीवर आम्हालाही बसवा, जंगल आणि झाड टिकवा, आणि झालेल्या नुकसानीची भरपाई करा. पेयोटीवाल्यांनी तर दक्षिण टेक्सासमध्ये ६०५ एकर जमीनच घेऊन ठेवलीय.

मासातेक लोकांत याबद्दल एकमत आहे असं मात्र समजू नका. वाउत्लामध्ये साबिनाचं नाव टीशर्टवर आहे, पाहुण्यांवर कित्येकांचं घर चालतं. काहींना हे बरं वाटतं, काहींना लाज वाटते, काही म्हणतात की सगळं जग एकाच बाईचं नाव घेतं, गावात तिच्यासारखे जाणते अजून होते आणि आहेत. बाहेरून जाऊन आदिवासींचं मत काय असं एका माणसाला विचारणं म्हणजे मराठी माणसाचं मत काय हे एका पुणेकराला विचारण्यासारखं आहे. (पुणेकरांनी राग मानू नये.)

भारतात हे कायदेशीर आहे का? गोव्यात तर सेरेमनी होतात म्हणे.

नाही. सायलोसायबिन, डीएमटी, मेस्कालिन, एलएसडी सगळं १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात आहे, जवळ बाळगलं तरी जेल. गोव्यातलं रिट्रीट असो नाहीतर कोडाईकनालला कुणीतरी आणून दिलेली मशरूम असो, वनस्पती आहे, नैसर्गिक आहे, असलं काही पोलीस ऐकत नाहीत. १९७१ च्या आंतरराष्ट्रीय करारात पारंपरिक विधींसाठी सूट मागायची सोय होती, मेक्सिकोने ती घेतली, पण ती तिथल्या आदिवासींसाठी आहे, अंजुणाच्या बीचवर आलेल्या आयटीवाल्यासाठी नाही. बाहेर बघायचं तर ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२३ पासून ठराविक सायकिअ‍ॅट्रिस्ट सायलोसायबिन लिहून देऊ शकतात, अमेरिकेत ओरेगॉनमध्ये २०२० च्या मतदानानंतर २०२३ पासून लायसन्स असलेली केंद्रं आहेत. तिथल्या मराठी मंडळींकडून विचारणा येते, त्यांना एवढंच सांगतो की खर्च आधी विचारून घ्या, आणि अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात अजूनही बंदी आहे, व्हिसावर असाल तर वकिलाशी बोला.

सोमरस म्हणजे हीच अळंबी ना? म्हणजे आपलंच होतं सगळं.

वॉसननेच १९६८ मध्ये म्हटलं होतं की सोम म्हणजे लाल टोपीची ठिपकेवाली अळंबी. ती वेगळी जात, तिच्यात सायलोसायबिन नसतं. बऱ्याच अभ्यासकांनी ते मान्य केलं नाही, कुणी सोमवल्ली म्हणतं, कुणी एफेड्रा नावाचं झुडूप. काहीही असलं तरी त्याने मासातेक लोकांचं देणं फिटत नाही.

मला डिप्रेशन आहे, गोळ्या लागू पडत नाहीत. मी काय करू?

आधी हे बघा की डोस आणि मुदत पुरेशी झालीय का, दुसरं औषध, समुपदेशन, थायरॉइडची तपासणी झालीय का. हे राहून गेलेलं असतं बऱ्याचदा. हट्टी डिप्रेशनवर आपल्याकडे मोठ्या दवाखान्यांत केटामीन देतात, ते या सायकेडेलिकांच्या जातीचं नाही पण डॉक्टरच्या देखरेखीत मिळतं. ईसीटीची (विजेच्या झटक्यांच्या उपचाराची) उगाच भीती घालतात सिनेमावाले, तीही चालते. रात्री-अपरात्री फार वाईट वाटलं तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

एवढं सगळं वाचून पण वाउत्लाला जायचंच आहे, तर?

जा, डोंगर सुंदर आहेत, कॉफी चांगली मिळते. पावसाळा जून ते सप्टेंबर, तेव्हा गाडीतून उतरल्या उतरल्या कुणीतरी अळंबी घेणार का म्हणून विचारेल, त्याला साबिनाच्या परंपरेतला समजू नका. मेक्सिकोतही बाहेरच्यांसाठी हे कायद्यात बसत नाही. लिथियम (बायपोलरवरचं औषध) चालू असेल तर अजिबात नाही, फिट येऊ शकते. आणि कुणाच्या घरी बसायची वेळ आलीच तर तिथे तुम्हाला विचारतील की कशासाठी आलात. बघायला आलो हे उत्तर तिथे पहिल्यांदा एका बँकवाल्याने लपवलं होतं, तुम्ही सरळ सांगा, मग ते नाही म्हणाले तर कॉफी पिऊन परत या.